एका ओळीत काय मोजायचे? संत्र्याच्या अडतीवर उभारलेल्या डेटा वेअरहाउसचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपूरमधील एका महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांच्या गटाचे आहे. डेटा वेअरहाउसिंग, म्हणजे व्यवहाराच्या नोंदी विश्लेषणासाठी एकत्र साठवण्याची पद्धत, हा त्यांचा त्या सत्रातील विषय होता आणि सत्राअखेर प्रत्येक गटाने खऱ्या व्यवहारातील नोंदींवर एक छोटे वेअरहाउस उभारून दाखवायचे होते. विद्यार्थी, महाविद्यालय आणि ज्यांच्या नोंदी वापरल्या ती पेढी यांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. उदाहरणांतील रकमाही हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून सोप्या केल्या आहेत. प्रसंगांचा क्रम मात्र गटाच्या कामाच्या वहीतून आणि मार्गदर्शक प्राध्यापिकेच्या टिपणांतून घेतला आहे.

गटातील एका विद्यार्थिनीचे काका नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याची अडत करतात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देतात. पेढीच्या जुन्या हिशेब सॉफ्टवेअरमध्ये २०१६ च्या आधीपासूनच्या नोंदी साठलेल्या होत्या. शेतकऱ्यांची आणि खरेदीदारांची नावे झाकून, त्यांच्या जागी केवळ क्रमांक ठेवून, त्या नोंदी गटाला देण्यास काकांनी संमती दिली. मोबदला म्हणून त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे मागितली. कोणत्या तालुक्याच्या मालाला कोणत्या हंगामात काय भाव मिळतो, हा पहिला प्रश्न. भाडे आणि हमाली वजा जाता शेतकऱ्याच्या हाती क्विंटलमागे किती पडते, हा दुसरा. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेल्यावर तिकडे माल पाठवणाऱ्या खरेदीदारांपैकी जे देशांतर्गत बाजाराकडे वळले, त्यांच्या खरेदीत आणि भावात काय फरक पडला, हा तिसरा. एखाद्या पाठ्यक्रमाच्या प्रकल्पाला इतके नेमके प्रश्न क्वचितच मिळतात.

विद्यार्थ्यांची सैद्धांतिक तयारी चांगली होती. विषयकेंद्रित, एकसंध, कालसापेक्ष आणि न बदलणारा साठा ही या क्षेत्रातील तज्ज्ञ बिल इनमन यांची वेअरहाउसची व्याख्या त्यांना पाठ होती. याच क्षेत्रातील दुसरे तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीतील चार पायऱ्याही, म्हणजे व्यवहार निवडणे, ग्रेन (टेबलची एक ओळ म्हणजे नेमके काय) ठरवणे, डायमेन्शन (तारीख, गाव यांसारखे वर्णनाचे पैलू) ठरवणे आणि मग मोजायच्या राशी ठरवणे, त्यांनी परीक्षेत लिहिल्या होत्या. आदल्या वर्षी डेटाबेसचा विषय त्यांनी नॉर्मलायझेशनसह नीट अभ्यासलेला होता, आणि एकच माहिती दोन ठिकाणी लिहिली की चूक झाली, हा संस्कार त्यांच्यावर पक्का झालेला होता. दैनंदिन व्यवहाराच्या डेटाबेसमध्ये तो संस्कार योग्यच आहे, कारण तेथे एक नोंद बदलताना तिची दुसरी प्रत जुनीच राहण्याचा धोका असतो. वेअरहाउसमध्ये नोंदी ठरावीक प्रक्रियेने एकगठ्ठा भरल्या जातात आणि नंतर प्रामुख्याने वाचल्या जातात, त्यामुळे गाव, तालुका आणि जिल्हा ही तिन्ही नावे एकाच डायमेन्शन टेबलच्या एका ओळीत लिहिणे तेथे सोयीचे ठरते. ही गोष्ट गटाला तत्त्वतः मान्य होती, पण हात मात्र प्रत्येक वेळी जुन्या सवयीने तीन वेगळी टेबले काढत होता.

अडचण

गटाने पहिल्या दोन आठवड्यांत स्टार स्कीमाचे एक देखणे चित्र तयार केले. मधोमध ‘विक्री’ नावाचे फॅक्ट टेबल, म्हणजे मोजायच्या राशी ठेवणारे टेबल, आणि भोवती तारीख, शेतकरी, खरेदीदार, गाव आणि माल ही डायमेन्शन टेबले होती. प्राध्यापिकेने चित्र पाहून एवढेच विचारले, “या विक्रीची एक ओळ म्हणजे बाजारातली नेमकी कोणती गोष्ट?” गटाचे उत्तर होते, “मॅडम, एक विक्री.” प्राध्यापिकेच्या टिपणात या उत्तरापुढे प्रश्नचिन्ह आहे, परंतु चित्र सादर करण्याची मुदत जवळ आलेली असल्याने ते काम तसेच पुढे गेले. पुढे जे घडले त्याचे मूळ या एका उत्तरात आहे, म्हणून बाजारातील व्यवहार कसा चालतो ते येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

काटोल, नरखेड किंवा कळमेश्वरकडून, किंवा अमरावती जिल्ह्यातील वरुड आणि मोर्शीकडून शेतकऱ्याची गाडी येते. माल उतरल्यावर फळाच्या आकारानुसार त्याचे वेगवेगळे ढेर लागतात. मोठे फळ एका ढेरात, मध्यम दुसऱ्यात आणि अगदी लहान फळ, ज्याला चुरी म्हणतात, तिसऱ्यात. प्रत्येक ढेराची बोली स्वतंत्र होते आणि तीन ढेर तीन वेगळे खरेदीदार घेऊ शकतात. तोल झाल्यावर पेढी त्या गाडीची एकच हिशेबपट्टी करते. पट्टीच्या वरच्या भागात ढेरांच्या ओळी असतात, तर खालच्या भागात हमाली, तोलाई, गाडीभाडे ही कपात आणि शेवटी शेतकऱ्याला द्यायची निव्वळ रक्कम असते. याचा अर्थ असा की वजन, भाव आणि खरेदीदार या गोष्टी ढेराच्या आहेत, तर कपात आणि निव्वळ रक्कम या गोष्टी पट्टीच्या आहेत. जुन्या सॉफ्टवेअरमध्येही ही दोन वेगळी टेबले होती आणि पट्टी क्रमांकाने ती जोडलेली होती.

गटाने ही दोन्ही टेबले जोडून आलेला निकाल जसाच्या तसा ‘विक्री’ टेबलमध्ये भरला. एका पट्टीचे उदाहरण घेऊ. बारा क्विंटल मोठे फळ २,००० रुपये भावाने गेले, त्याचे २४,००० झाले. आठ क्विंटल मध्यम फळ १,५०० ने गेले, त्याचे १२,००० झाले. पाच क्विंटल चुरी ८०० ने गेली, तिचे ४,००० झाले. एकूण विक्री ४०,००० रुपये. कपातीत हमाली ५००, तोलाई २५० आणि भाडे ३,०००, म्हणजे ३,७५० रुपये, आणि शेतकऱ्याच्या हाती ३६,२५०. दोन्ही टेबले जोडली की ३,७५० ही रक्कम तिन्ही ढेरांच्या ओळींवर उमटते आणि बेरीज केली की ती ११,२५० होते. ४०,००० मधून ती वजा केली तर शेतकऱ्याला २८,७५० मिळाले, असे अहवाल सांगू लागतो. विक्रीची बेरीज बरोबर, वजनाची बेरीज बरोबर आणि निव्वळ रक्कम चूक, अशी ही स्थिती होती. ज्या पट्टीत एकच ढेर असे तिचा हिशेब बरोबर येई, त्यामुळे गटाने सहज तपासून पाहिलेल्या काही पट्ट्या नेमक्या जुळल्या आणि चूक आणखी काही दिवस झाकलेली राहिली.

आकडे काकांना दाखवले तेव्हा त्यांनी एका हंगामाची निव्वळ रक्कम पाहताक्षणीच नाकारली. इतक्या कमी पैशांत शेतकरी पुन्हा पेढीवर आलाच नसता, असे त्यांचे म्हणणे होते. गटाचा पहिला तर्क असा झाला की नोंदी भरताना काही ओळी दुबार आल्या आहेत. म्हणून त्यांनी क्वेरीत ‘डिस्टिंक्ट’ हा शब्द घातला आणि एकसारख्या दिसणाऱ्या ओळी काढून टाकल्या. या उपायाने कपातीचा प्रश्न सुटला नाही, कारण त्या ओळी वजनात आणि भावात वेगळ्या होत्या. उलट विक्रीची बेरीज, जी तोवर बरोबर होती, तीही घसरली. एकाच पट्टीत एकाच खरेदीदाराने एकाच भावाने समान वजनाचे दोन ढेर घेतलेले असत, आणि ढेराचा अनुक्रमांक फॅक्ट टेबलमध्ये घेतलेलाच नसल्याने ते दोन खरे ढेर संगणकाला एक वाटत होते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगा क्षण हाच आहे. ओळ म्हणजे काय हे ठरलेले नसेल तर कोणती ओळ दुबार आहे हेही ठरवता येत नाही, आणि मग साफसफाईच्या नावाखाली खऱ्या नोंदी पुसल्या जातात.

भावाच्या बाबतीतही असेच झाले होते. अहवालात तिन्ही ढेरांच्या भावांची साधी सरासरी १,४३३ रुपये दिसत होती, तर ४०,००० रुपयांना २५ क्विंटलने भागले की १,६०० येतात. भाव ही बेरीज किंवा सरासरी करण्याची राशी नाही. रक्कम आणि वजन साठवावे आणि भाव प्रत्येक वेळी त्यांच्या बेरजांवरून काढावा, हा नियम वर्गात शिकवला गेला होता, पण अहवालाच्या साधनात सरासरीचे बटण हाताशी असल्याने तो बाजूला पडला.

विचारात घेतलेले पर्याय

या टप्प्यावर प्राध्यापिकेने चित्र दुरुस्त करायला न सांगता गटाला बाजारात पाठवले. पेढीवरच्या मुनीमजींना त्यांनी पट्टी कशी बनते ते विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “माल ढेरानं विकल्या जाते, पट्टी गाडीची बनते.” गटाने हे वाक्य कामाच्या वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. त्यानंतर पुढचे पर्याय समोर आले.

पहिला पर्याय दर दिवसाच्या एकत्रित बेरजेचा होता. तारीख, तालुका आणि माल यांनुसार दिवसाची एक ओळ ठेवली तर टेबल लहान राहते, कपातीची दुबार मोजणी टळते आणि सादरीकरणही वेळेत होते. गटातील दोघांचा कल याकडे होता. पण अशा टेबलात खरेदीदार उरत नाही, त्यामुळे काकांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायमचे हातचे जाते. बारीक नोंदीवरून बेरीज केव्हाही काढता येते, बेरजेवरून बारीक नोंद परत मिळवता येत नाही. हा युक्तिवाद वहीत स्पष्ट शब्दांत नोंदवलेला आहे आणि त्यावर हा पर्याय मागे पडला.

दुसरा पर्याय कपात पूर्णपणे वगळून केवळ ढेरांची विक्री ठेवण्याचा होता. तो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु शेतकऱ्याच्या हाती काय पडते हा प्रश्नच त्यामुळे गळून जातो, आणि माझ्या दृष्टीने तिन्ही प्रश्नांत तोच सर्वांत महत्त्वाचा होता.

तिसरा पर्याय दोन फॅक्ट टेबलांचा. एकात एक ओळ म्हणजे लिलावात विकला गेलेला एक ढेर, तर दुसऱ्यात एक ओळ म्हणजे एक हिशेबपट्टी. तारीख, शेतकरी आणि गाव ही डायमेन्शन दोघांना सामाईक राहतील, पट्टी क्रमांक दोन्हीकडे नुसता क्रमांक म्हणून राहील, कारण त्याला स्वतःचे असे वेगळे वर्णन नाही. प्रत्येक रक्कम ज्या पातळीवर जन्मते त्याच पातळीवर साठवली जाईल.

चौथा पर्याय कपात ढेरांवर वाटून टाकण्याचा. तसे केले तर निव्वळ रक्कम फळाच्या आकारानुसारही पाहता येते. प्रश्न होता वाटप कशाच्या प्रमाणात करायचे हा, आणि यावर गटात चांगलीच चर्चा झाली. वजनाच्या प्रमाणात वाटले तर वरच्या पट्टीत क्विंटलमागे १५० रुपये येतात. मोठ्या फळावर १,८००, मध्यमवर १,२०० आणि चुरीवर ७५०. विक्रीच्या रकमेच्या प्रमाणात वाटले तर अनुक्रमे २,२५०, १,१२५ आणि ३७५. पहिल्या रीतीने चुरीचे निव्वळ उत्पन्न क्विंटलमागे ६५० रुपये, दुसऱ्या रीतीने ७२५. चुरी बाजारात आणणे शेतकऱ्याला परवडते की नाही, या प्रश्नाचे उत्तर वाटपाच्या नियमावर अवलंबून राहू शकते, हे येथे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले. गाडीभाडे, हमाली आणि तोलाई हे खर्च फळाच्या किमतीमुळे होत नाहीत, ते वाहून आणलेल्या आणि उचललेल्या वजनामुळे होतात. म्हणून वजनाचे प्रमाण योग्य, असा निष्कर्ष गटाने काढला. मला तो पटतो, आणि तो त्यांनी पुस्तकातून न घेता खर्चाच्या कारणातून काढला याचे मोल अधिक वाटते.

हंगाम आणि अडत

ग्रेनचा प्रश्न मार्गी लागल्यावर आणखी दोन गोष्टी पुढे आल्या, ज्या बाहेरून किरकोळ दिसतात पण अहवालाचा अर्थच बदलू शकतात.

नागपुरी संत्र्याचे दोन मुख्य बहार आहेत. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बाजारात येते. मृग बहाराची फुले पावसाच्या सुरुवातीला येतात आणि फळ पुढच्या वर्षी फेब्रुवारीपासून उतरते. गटाने तारीख डायमेन्शनमध्ये प्रत्येक महिन्यापुढे बहाराचे नाव लिहून टाकले होते. काटोल भागात घरची बाग असलेल्या एका विद्यार्थ्याने यावर हरकत घेतली. उशिरा तोडलेला आंबिया आणि लवकर उतरलेला मृग एकाच दिवशी बाजारात असू शकतात, म्हणजे बहार हा दिवसाचा गुण नाही, तो त्या ढेरातल्या मालाचा गुण आहे. ही हरकत मान्य होऊन बहार माल डायमेन्शनमध्ये गेला. जुन्या नोंदींत मुनीमजींनी काही ठिकाणी शेऱ्यात बहार लिहिलेला होता, बऱ्याच ठिकाणी नव्हता. जेथे शेरा होता तेथे तो घेतला. जेथे नव्हता पण महिना निःसंदिग्ध होता तेथे महिन्यावरून ठरवला. आणि दोन्ही बहार एकत्र येण्याच्या दिवसांत शेरा नसेल तर ‘अनिश्चित’ अशी स्वतंत्र ओळ वापरली. बहार कशावरून ठरवला हेही एका रकान्यात लिहून ठेवले, जेणेकरून अहवाल वाचणाऱ्याला अंदाज आणि नोंद वेगळी पाहता येईल. मृग बहाराचे फूल एका वर्षीचे आणि विक्री दुसऱ्या वर्षीची असल्याने विक्रीच्या वर्षाखेरीज हंगाम वर्ष असा वेगळा रकानाही घ्यावा लागला.

अडतीची, म्हणजे पेढीच्या दलालीची, गोष्ट याहून नाजूक निघाली. राज्यात जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. पेढीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र पट्टीच्या टेबलातील ‘अडत’ हा रकाना तोच राहिला. आधी त्यातली रक्कम शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होत असे, नंतर ती खरेदीदाराच्या बिलात लागू लागली. सगळी वर्षे एकत्र घेऊन कपात काढली तर नंतरच्या वर्षांत शेतकऱ्याने न दिलेली अडत त्याच्या नावे दिसली असती. एक सूचना अशी होती की शासनाच्या निर्णयाची तारीख ही सीमा मानावी. गटाने ती नाकारली, कारण निर्णय एका दिवशी होतो आणि पेढीच्या पट्टीचा नमुना त्याच दिवशी बदलतोच असे नाही. त्याऐवजी त्यांनी प्रत्येक पट्टीचे गणित पाहिले. विक्रीतून इतर कपात आणि निव्वळ रक्कम वजा केल्यावर अडतीइतकी रक्कम उरत असेल तर ती शेतकऱ्याकडून घेतलेली. काहीच उरत नसेल तर खरेदीदाराकडून. दोन्ही प्रकारांत न बसणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढून मुनीमजींना दाखवल्या. पट्टीच्या फॅक्ट टेबलमध्ये मग अडतीचे दोन वेगळे रकाने आले. वरच्या उदाहरणातली पट्टी बदलानंतरच्या काळातील आहे, म्हणून तिच्या कपातीत अडत नाही.

घेतलेली कृती

अखेरीस तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र स्वीकारला गेला. ‘ढेर-विक्री’ आणि ‘हिशेबपट्टी’ अशी दोन फॅक्ट टेबले पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली. ढेर-विक्रीत वजन, रक्कम आणि वजनाच्या प्रमाणात वाटलेली कपात ठेवली. भाव साठवला नाही. पट्टीच्या टेबलात मूळ कपात आणि निव्वळ रक्कम अखंड ठेवली. वाटप करताना पैशांचा जो फरक उरतो तो पट्टीतील सर्वांत जड ढेरावर टाकायचा असे ठरले, म्हणजे ढेरांच्या कपातीची बेरीज पट्टीच्या कपातीशी पैशापर्यंत जुळते. पट्टी क्रमांक आणि ढेराचा अनुक्रमांक मिळून ओळीची ओळख पक्की झाली आणि ‘डिस्टिंक्ट’ काढून टाकले गेले.

खरेदीदार डायमेन्शनच्या बाबतीत गटाने इतिहास जपण्याची पद्धत निवडली. एखादा खरेदीदार पूर्वी बांगलादेशला माल पाठवत होता आणि नंतर देशांतर्गत बाजाराकडे वळला, तर त्याची जुनी ओळ तशीच ठेवून तिला समाप्तीची तारीख द्यायची आणि नव्या प्रकारासह नवी ओळ, नव्या कृत्रिम क्रमांकाने, सुरू करायची. जुनी ओळच खोडून सुधारली असती तर त्याची आधीची सगळी खरेदीही देशांतर्गत म्हणून दिसली असती आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर उलटे आले असते. शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र, क्रमांक नोंदवताना झालेली चूक सुधारणे एवढाच बदल असेल तर सरळ जुन्या नोंदीवर नवी लिहायची, असे ठरले. तेथे इतिहास जपण्यासारखे काही नव्हते. कोणता बदल घडलेला आणि कोणता नुसता दुरुस्त झालेला, हा फरक प्रत्येक रकान्यासाठी स्वतंत्रपणे ठरवावा लागला.

शेवटची कृती ताळ्याची. प्रत्येक दिवसाची विक्री पेढीच्या रोजमेळाशी आणि प्रत्येक पट्टीची निव्वळ रक्कम छापील पट्टीशी ताडून पाहणारी एक तपासणी भरण्याच्या प्रक्रियेतच घातली गेली. ताळा जुळला नाही तर त्या दिवसाच्या नोंदी अहवालात जात नाहीत, वेगळ्या टेबलात थांबतात.

निष्पत्ती

ताळ्यानंतर ज्या थोड्या पट्ट्या शिल्लक राहिल्या त्या बहुतेक छापल्यानंतर हाताने दुरुस्त केलेल्या निघाल्या. दुरुस्ती कागदावर होती, सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. काकांना पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि त्यांनी ती आपल्या अनुभवाशी ताडून मान्य केली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच मिळाले, कारण कोणता खरेदीदार केव्हापासून कोठे माल पाठवू लागला याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये नव्हती आणि ती मुनीमजींच्या आठवणीवरून भरावी लागली. गटाने सादरीकरणात हे मोकळेपणाने सांगितले आणि त्या आलेखाखाली तसे लिहिलेही.

खरेदीदारांकडील उधारीची बाकी हा भाग मात्र वेळेअभावी राहून गेला. बाकी ही खरेदीदारांवर बेरीज होणारी पण दिवसांवर बेरीज न होणारी राशी आहे. सोमवारची आणि मंगळवारची बाकी मिळवून काहीच अर्थ निघत नाही. तिच्यासाठी ठरावीक अंतराने घेतलेल्या शिलकेचे तिसरे फॅक्ट टेबल लागले असते, आणि उरलेल्या दिवसांत ते घाईने करण्यापेक्षा न करणे गटाने पसंत केले. गुणांच्या दृष्टीने हे नुकसानीचे होते, तरीही हा निर्णय योग्य होता असे मला वाटते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत पहिली गोष्ट क्रमाची. अभ्यासक्रमात स्टार आणि स्नोफ्लेक (डायमेन्शन आणखी टेबलांत विभागलेली रचना) यांची चित्रे आधी येतात आणि ग्रेनची चर्चा नंतर, तीही एका तासिकेत. त्यामुळे विद्यार्थी आकृतीपासून सुरुवात करतात आणि हाताशी असलेली टेबले त्या आकृतीत बसवतात. चित्र काढण्यापूर्वी प्रत्येक गटाने ‘आमच्या फॅक्ट टेबलची एक ओळ म्हणजे...’ हे वाक्य व्यवहार करणाऱ्या माणसाच्या शब्दांत पूर्ण करून द्यावे आणि त्या माणसाला ते पटले आहे याची खात्री करावी, अशी अट असती तर मुनीमजींचे ते वाक्य पहिल्याच आठवड्यात वहीत आले असते. प्राध्यापिकेने पुढच्या तुकडीसाठी हीच पहिली गृहपाठाची पायरी केली आहे, आणि त्या वाक्याला चित्राइतकेच गुण ठेवले आहेत.

दुसरी गोष्ट सरावाच्या नोंदींची. वर्गात वापरल्या गेलेल्या तयार विक्रीच्या नोंदींत सगळ्या रकमा आधीच ओळीच्या पातळीवर आणून ठेवलेल्या होत्या. संपूर्ण बिलावर लागणारी सूट किंवा वाहतूक खर्च त्यांत नव्हताच. म्हणून दोन पातळ्यांच्या रकमा एकत्र आल्या की काय होते, हे विद्यार्थ्यांनी आधी कधी पाहिलेले नव्हते. सरावासाठी एकच हिशेबपट्टी, वर तीन ढेर आणि खाली कपात अशी, कागदावर देऊन तिची फॅक्ट टेबले हाताने लिहायला सांगितली तरी हा विषय अर्ध्या तासात उमगतो. संगणक त्यानंतर उघडावा.

तिसरी गोष्ट तपासणीच्या नमुन्याची. गटाने सहज हाती आलेल्या पट्ट्या तपासल्या आणि त्यांत एक ढेर असलेल्या पट्ट्यांचा भरणा निघाला. तपासण्यासाठी मुद्दाम अवघड पट्ट्या निवडायला हव्या होत्या: अनेक ढेरांची, दोन सारख्या ढेरांची, २०१६ च्या बदलाच्या आधीची आणि नंतरची, जानेवारीच्या अखेरची. अशा दहा-बारा पट्ट्यांची अपेक्षित उत्तरे आधी हाताने काढून ठेवली असती तर ‘डिस्टिंक्ट’ घातल्याबरोबर विक्रीची बेरीज घसरल्याचे त्याच दिवशी दिसले असते.

काकांनी नोंदी देण्यापूर्वी नावे झाकून घेतली हे योग्यच झाले, पण झाकण्याचे काम पेढीवर हातानेच झाल्याने एकाच शेतकऱ्याला कधीकधी दोन क्रमांक मिळाले आणि ते जुळवण्यासाठी पुन्हा मुनीमजींकडेच जावे लागले. नाव झाकण्याची छोटी आज्ञावली गटाने लिहून पेढीच्याच संगणकावर चालवली असती, आणि नाव व क्रमांक यांची यादी पेढीकडेच ठेवली असती, तर नावे बाहेरही गेली नसती आणि एका माणसाला एकच क्रमांक मिळाला असता. उधारीच्या बाकीचे टेबल उभारणाऱ्या पुढच्या गटाला प्राध्यापिकेने आता हीच सूचना दिली आहे.